मेंढीचा उजवा कान

स्कारवाग, लुईस बेट
सोमवार
(पत्र कालच लिहिणार होतो, पण रविवारी आमच्याकडे कामाला बंदी, पेनाचं टोपण काढलं तरी गावाला कळतं.)

आदरणीय मार्सालीताई,

धाकट्या टॉर्कीलचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे फार वाकता आलं नाही, पण भावना पूर्ण वाकलेली आहे.) गुडघा आता ठणठणीत आहे असं तू गेल्या पत्रात लिहिलंस. कशावरून? त्याच पत्रात खाली लिहितेस की चर्चला जायला हल्ली टॅक्सी करतेस. ठणठणीत गुडघ्याची माणसं टॅक्सी करत नाहीत, निदान आपल्या घरातली तरी नाहीत. तेव्हा खरं काय ते कळव. ग्लासगोत पाऊस आहे का, हे विचारत नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईचं ट्रम्पेट शिकणं संपलं का? आणि नाताळात पाठवलेला करडा स्वेटर घालतेस ना? (हा प्रश्न उगाच विचारलेला नाही. त्याचं काय ते शेवटी.)

इकडे आम्ही ठीक. तुझी भावजय किर्स्टी ठीक आहे असं किर्स्टी म्हणते. आमचा कुत्रा कॅप म्हातारा झालाय, मेंढ्यांऐवजी आता कोंबड्या हाकतो. बटाटे बरे आलेत. करड्या मेंढीचं कोकरू मात्र यंदाही गरुडानं नेलं. दरवर्षी तो नेमकं त्याच मेंढीचं कोकरू नेतो, बाकी कळपाकडे ढुंकूनही पाहत नाही. पक्ष्यांची काळजी वाहणाऱ्या मंडळींना मी खरमरीत पत्र लिहिलं. उत्तर आलं की गरुड असा एकाच मेंढीवर डूख धरत नसतो. कशावरून, असं मी उलट टपाली विचारलंय. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण आमचा फोन बोळकंडीत, किर्स्टी स्वयंपाकघरात आणि मधलं दार हल्ली नीट लागत नाही. (पूर्वी लागायचं. ते कुणी बिघडवलं, हा प्रश्न मी सध्या बाजूला ठेवलाय.) म्हणून गोठ्यात बसून लिहितोय. अक्षर हललं असेल तर तो गाईचा दोष समज.

तर पुस्तक छापून आलं. माझी अकरा वर्षं त्यात गेली. आपल्या गावची गेलिक, तीही जशी बोलली जाते तशी, पुस्तकी नव्हे: सरपणाचं पीट कापण्याचे शब्द, वाऱ्याची नावं, जमिनीच्या कुठल्या पट्टीवर कुठलं घराणं, कोण कॅनडाला गेलं, कोण बुडालं. एक प्रकरण टोपणनावांचं. (सगळ्या गावात मिळून आडनावं तीन, तेव्हा टोपणनावाशिवाय टपालही पोचत नाही, हे तुला सांगायला नको.) आणि अगदी शेवटी, माझ्या मते पुस्तकाचा मुकुटमणी, म्हणजे प्रत्येक घराण्याच्या मेंढ्यांच्या कानांवरची खूण, चित्रांसकट. ती चित्रं मी स्वतः काढली. किर्स्टीनं एक मेंढी धरली, मी समोर खुर्ची टाकून बसलो. जन्मभर मास्तरकी केल्यावर फळ्यावर चित्रं काढायला हात सरावलेला असतोच. एकच प्रकरण अशक्त राहिलं, उन्हाळ्यात गुरं घेऊन राहायला जायच्या कुरणांचं. ते जेमतेम दीड पानाचं झालं, कारण त्या दिवसांचे शब्द आता एकट्या बेसागच्या तोंडी उरलेत, ती नव्वदी ओलांडून बसलीये, आणि तिच्या घरात मी चार वर्षं पाऊल टाकलेलं नाही. बेसाग म्हणजे ईवरची आई, आणि ईवरशी माझं बोलणं बंद.

ते का बंद, हे मी तुला तेव्हाच लिहिलं होतं, पण ग्लासगोत राहून माणूस काय काय विसरतं, म्हणून थोडक्यात पुन्हा. आपले आजोबा आणि ईवरचे आजोबा सख्खे भाऊ. जमिनीची वाटणी झाली तेव्हा कानाची खूणही वाटली: आपली म्हणजे उजव्या कानाचा शेंडा कापलेला आणि डाव्याला चीर, त्यांची बरोबर उलटी. चार वर्षांपूर्वी निवडणीत, म्हणजे रानातल्या साऱ्या मेंढ्या खाली आणून ज्याच्या त्याला वाटतात तेव्हा, एक करडी मेंढी निघाली, पाठीवरची मालकाची रंगखूण पावसानं पार धुतलेली. किर्स्टी (एरवी मेंढ्या तीच ओळखते) त्या दिवशी दाढ काढायला स्टॉर्नोवेला गेली होती. मी पुढे झालो, मेंढीची शिंगं धरली, तिच्या डोळ्याला डोळा भिडवला, कान पाहिले आणि सांगितलं की ही आमची. ईवर मेंढीच्या मागून ओरडला की आमची. गावातले निम्मे लोक माझ्या शाळेत शिकलेले, त्यांनी मास्तरांचा मान राखला. ईवर एक शब्द बोलला नाही, आणि तो मग बोललाच नाही. तेव्हापासून काही सांगायचं असेल तर तो रस्त्यात कॅपला थांबवून सांगतो आणि मीही कॅपमार्फतच उत्तर देतो. कुत्रा समजूतदार आहे म्हणून चार वर्षं निभावलं.

पुस्तकाची दोन खोकी मी पेगीच्या दुकानात ठेवली, मेंढ्यांच्या औषधाच्या आणि बिस्किटांच्या मधोमध. गुरुवारी गावच्या हॉलमध्ये वाचन ठरलं होतं, शनिवारी निवडणी. माझी इच्छा एवढीच, की गुरुवारपर्यंत चार लोकांनी पुस्तक उघडलेलं असावं. आणि दोन दिवसांत दोन्ही खोकी रिकामी. दुसऱ्या कुणा लेखकाला आनंद झाला असता. पण ताई, तू आपलं गाव जाणतेस. इथे एक जण पुस्तक विकत घेतो आणि तीस जण ते मागून नेतात, आणि तो एक जण बहुधा मीच असतो. मी पेगीला विचारलं, कोणी घेतली? ती म्हणाली, "लोकांनी." मी म्हटलं, "कशावरून?" त्यावर तिला असा खोकला आला की ती मागच्या खोलीत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी घरोघर काहीबाही निमित्तानं जाऊन कपाटांवरून नजर फिरवली. एकाही घरात माझं पुस्तक नव्हतं. म्हणजे कुणीतरी एकगठ्ठा नेऊन ते नाहीसं करत होतं. अकरा वर्षांचं काम, ताई, आणि ते गावानं वाचण्याआधीच कुणाच्या तरी चुलीत जातंय. दोन रात्री हेरिंग मासे समोर आले तरी घास उतरला नाही.

संशय घ्यायचा तर गावात कोणावरही घेता आला असता, कारण टोपणनावं मी सगळ्यांचीच छापली होती. ज्याचं टोपणनाव त्यालाच ते ठाऊक नसतं, ही आपल्याकडची रीतच आहे. पेगीला मागून सगळे 'सोमवार' म्हणतात, उधारीला ती नेहमी सोमवारचा वायदा मागते म्हणून. ईवर आयुष्यात एकदा जहाजावरून पनामाच्या कालव्यातून गेला आणि तेव्हापासून तो कालवा त्याच्या बोलण्यातून आटलेला नाही, म्हणून तो 'पनामा'. मला एकट्याला टोपणनाव नाही. तसं मी प्रस्तावनेत लिहिलंही आहे: 'लेखकाला टोपणनाव नाही, गावानं त्याचा तेवढा आदर केला.'

पहिला संशय पाद्रीबाबांवर गेला. पुस्तकात दृष्ट काढण्याचे मंत्र आहेत, ते त्यांना रुचणारे नाहीत. मी त्यांच्याकडे चहाला गेलो आणि आडून आडून म्हटलं, की काही सद्गृहस्थ कपाटात काय दडवतात ते आम्हांला ठाऊक आहे, त्यांनी स्वतःहून बाहेर काढलं तर बोभाटा होणार नाही. पाद्रीबाबांचा चेहरा पांढराफटक पडला. उठले, कपाट उघडलं आणि शनिवारच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. दर रविवारी प्रवचन झालं की दार लावून ते शब्दकोडं सोडवतात, म्हणे. सवय एका मावशीनं लावली. मला काय करावं ते सुचेना. मी त्यांना 'पाच अक्षरी, समुद्रपक्षी' एवढं सोडवून दिलं आणि निघालो. त्यांनी माझ्या पुस्तकासाठी दोनदा पेगीकडे खेप घातली होती आणि दोन्हीदा ते संपलेलं होतं, हे त्यांनी दारात सांगितलं. (हे शब्दकोड्याचं कुणाला बोलू नकोस.)

दुसरा संशय जर्मनीतल्या बॉनच्या बाईंवर. त्या दर उन्हाळ्यात येतात आणि केल्टिक भाषांवर काहीतरी जाडजूड लिहितात. त्यांची गेलिक इतकी शुद्ध आहे की ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटतं, आणि नेमकं हेच मला पहिल्यापासून खटकतं. सामान्य माणूस इतकं बरोबर बोलत नाही. त्या परत निघाल्या तेव्हा त्यांच्या गाडीत जड खोकी चढत होती. मी मदतीच्या मिषानं एक उचललं आणि अर्थातच ते हातातून निसटलं. (कंबर तेव्हाच धरली.) आतून पेगीच्या दुकानातल्या ओटकेक्सची पाकिटं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली काळी सॉसेजं रस्ताभर पसरली. बाई शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, तुम्हांला हवी असतील तर मागायची होती." मी दोन सॉसेजं घेऊन घरी आलो. नाही कसं म्हणणार?

आता सापळा लावल्यावाचून गत्यंतर नव्हतं. घरी एक खोकं उरलं होतं. मी विचार केला, रानात सोडलेली मेंढी माणूस कशी ओळखतो? कानावरून. मग पुस्तक का नाही? स्वयंपाकघरातली मोठी कात्री घेतली, एकेक पुस्तक उघडून समोर उभं धरलं, म्हणजे पानं माझ्याकडे आणि दोन्ही पुठ्ठे दोन बाजूंना कानांसारखे. उजव्या हाताच्या पुठ्ठ्याचा शेंडा कापला, डाव्या हाताच्या पुठ्ठ्याला चीर दिली. आपल्या घराण्याची खूण. किर्स्टी दारातून बघत होती. तिनं विचारलं, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "खूण करतोय." ती म्हणाली, "कुणाची?" मी म्हटलं, "आपली." ती बराच वेळ बघत राहिली आणि मग काही न बोलता निघून गेली. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. किर्स्टी काही न बोलता कुठूनच जात नाही.

खूण केलेली पुस्तकं पेगीच्या दुकानात ठेवली, तीही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गायब. पण त्याच दुपारी माझ्या ध्यानात आलं की गावात काहीतरी कमी आहे. ईवरचा माग वाजत नव्हता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्या ट्वीडच्या मागाची खटखट ऐकून आमच्या कोंबड्यासुद्धा तालात अंडी घालतात, आणि आता तिसरा दिवस, खटखट नाही. माणूस आजारी म्हणावा तर सकाळी खाडीवर धडधाकट दिसलेला. मग माग का बंद? माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला: मागाच्या खोलीत दुसरंच काहीतरी भरलंय. मी कॅपला घेतलं, एक कोंबडी हरवल्याची बतावणी ठरवली आणि ईवरच्या मागघरात शिरलो.

मागावर ट्वीडचं कापड अंथरलेलं होतं. ते उचललं, तर खाली माझी अकरा वर्षं नीट रचून ठेवलेली. एकही पान जळलेलं नव्हतं, फाटलेलं नव्हतं, वर धूळसुद्धा नव्हती. मी पहिलं पुस्तक हातात घेतो न घेतो तोच मागे दार वाजलं.

"कॅप," ईवर कुत्र्याला म्हणाला, "तुझ्या मास्तरांना सांग, दुसऱ्याच्या घरात चोरीला आलं की निदान टोपी तरी काढावी."

"कॅप, त्याला विचार, चोरी कुणी केली? ही माझी पुस्तकं आहेत."

"सांग त्यांना, विकत घेतलीत. पेगी साक्षीला आहे."

"विचार त्याला, कशावरून?"

ईवरनं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय की काय असं मला वाटलं. मी कॅपच्या नाकासमोर पुस्तक धरलं आणि म्हटलं की यावर माझ्या घराण्याची खूण आहे, मालकीचा यापेक्षा मोठा पुरावा या बेटावर नाही. ईवर वळला. त्यानं पुस्तक माझ्या हातून घेतलं, उघडलं आणि पाठ आपल्या पोटाकडे करून दोन गुडघ्यांत धरलं, मेंढीला मागून धरतो ना, तसं. आणि मग, ताई, तो कुत्र्याला विसरला.

"मास्तर," तो थेट मला म्हणाला, "उजवा कान कुठला?"

तुला माहीत आहे, उत्तर येत नसलं की मी खिडकीबाहेर बघतो. मागघराला खिडकी नाही. मी ईवरच्या गुडघ्यांत अडकलेल्या पुस्तकाकडे बघत राहिलो. शेंडा कापलेला कान त्याच्या डाव्या हाताला होता, चीर उजव्या. मी माझ्या कात्रीनं, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या पुस्तकांवर ईवरच्या घराण्याची खूण करून ठेवली होती. "मेंढीचा उजवा तो उजवा," ईवर म्हणाला, "तुझा नाही. तू तिच्यासमोर खुर्ची टाकून बसलास तर ती तिचे कान बदलत नाही. शाळेत पोरंही तुझ्यासमोरच बसायची, म्हणून तुला वाटलं असेल."

मग त्यानं शेवटचं प्रकरण उघडलं. सगळी चित्रं समोरून काढलेली, आणि प्रत्येक चित्राखाली मी ठळक अक्षरांत 'उजवा' आणि 'डावा' लिहिलेलं, माझ्या हाताप्रमाणे. सगळ्या गावाच्या खुणा उलट्या. त्या पुस्तकाप्रमाणे माझा कळप ईवरचा, ईवरचा माझा, आणि पेगीच्या मेंढ्या तर कुणाच्याच नव्हेत, तशी खूण बेटावर नाहीच. गुरुवारी हे मी हॉलमध्ये छातीठोकपणे वाचून दाखवलं असतं आणि शनिवारी गावातला प्रत्येक जण पुस्तक हातात घेऊन निवडणीला आला असता. ईवरनं पहिल्याच दिवशी एक प्रत नेली होती, ती आईसाठी, आणि संध्याकाळी शेवटच्या पानापर्यंत पोचल्यावर तो तसाच उठून उरलेली सगळी उचलायला पेगीकडे गेला होता. मी म्हटलं, "मग मला सांगायचंस." तो म्हणाला, "कसं सांगणार? आपलं बोलणं बंद आहे." कॅपला एवढं सगळं सांगून तो नीट पोचवेल याची खात्री नव्हती, असंही तो म्हणाला.

पण मी इतक्यात विरघळणारा नव्हे. मी म्हटलं, "हे सगळं तू माझ्यासाठी केलंस? तुझा कळप वाचवायला केलं नसशील कशावरून? आणि तुझं टोपणनाव..." "पनामा," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला. "खरंच म्हणतात? सगळे? मला इतकी वर्षं वाटायचं, कॅप्टन म्हणतात." मग तो म्हणाला, "तिन्ही कारणं खरी आहेत. पहिलं कुठलं आणि तिसरं कुठलं ते तू लाव, मास्तर आहेस." मी अजून लावतोय. मला त्या क्षणी फार लाज वाटली, ताई, आणि खरं सांगायचं तर लाजेपेक्षा बरंच जास्त बरं वाटलं.

करड्या मेंढीचा विषय दोघांनीही काढला नाही. काढायची गरजही पडली नाही, कारण त्याच्या आवाराजवळून परतताना कुंपणाआड मला तीन करड्या मेंढ्या आणि एक करडं कोकरू दिसलं. नाक तेच, चालण्याची ढब तीच, माझ्याकडे बघण्याची तुच्छ नजरही तीच. चार वसंत, चार कोकरं. घरी येऊन मी किर्स्टीला विचारलं, "गरुड?" ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "दाढ काढून आले त्याच संध्याकाळी मी मेंढी बघितली. तू इतका खुशीत होतास. म्हटलं, मेंढी राहू दे, कोकरं परत करू." मी विचारलं, "आणि हे मला कधी सांगणार होतीस?" ती म्हणाली, "मी सांगितलं असतं, तर तू मला विचारलं असतंस, कशावरून." आणि तीही पेगीसारखी खोकली. सध्या साथ आहे. तर आता त्या पक्ष्यांच्या मंडळींना काय कळवायचं, हा पेच आहे. गरुडाची माफी मागायची पद्धत मला कुठे सापडत नाही. ईवरची मी मागितलेली नाही. मेंढी त्या दिवशी माझ्याकडे तोंड करून उभी होती, हे कुणीच लक्षात घेत नाही.

फक्त त्याच संध्याकाळी मी करडी मेंढी दोरीला बांधून ईवरच्या दारात नेली. (किर्स्टी म्हणाली, दोरी परत आण.) आत चुलीजवळ बेसाग बसली होती. चार वर्षांत फार लहान झालीये ती. मला वाटलं, विचारेल, इतके दिवस कुठे होतास. ती म्हणाली, "दीड पान? मी सात उन्हाळे त्या कुरणात काढले आणि तू दीड पान लिहिलंस? बस खाली." आणि लोणी काढताना म्हणायचं काय, पहिल्या रात्री झोपडीचं दार कुठल्या दिशेला ठेवायचं, गाईला घरची आठवण आली तर त्याला काय म्हणायचं, एकेक शब्द सांगायला लागली. गाईच्या त्या आठवणीला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, ताई. मला ठाऊक नव्हता. मी मेंढ्या मागत बसलो होतो आणि इकडे एक म्हातारी तो शब्द जिभेवर घेऊन चार वर्षं माझी वाट बघत होती. मी कागद मागितला, ईवर बिलाच्या पाठीवर लिही म्हणाला, आणि मी लिहिताना त्यानं दिवा जवळ सरकवला.

गुरुवारी पुस्तकं हॉलमध्ये आली, प्रत्येकात एक चिठ्ठी चिकटवून. मजकूर ईवरचा: 'शेवटचं प्रकरण वाचकांनी मेंढीच्या मागे उभं राहून वाचावं.' मला ते लेखकाच्या प्रतिष्ठेला धरून वाटलं नाही, पण मतदान झालं. लोक हसले, आणि बराच वेळ हसले. पाद्रीबाबा सगळ्यात जास्त. मग बेसागला खुर्चीसकट पुढे आणलं, मी दीड पान वाचलं आणि उरलेलं तिनं सांगितलं. तिचं होईपर्यंत कुणी जागचं उठलं नाही. शनिवारी निवडणीत गावातल्या प्रत्येकानं मेंढी धरण्याआधी मुद्दाम वळसा घालून तिच्यामागे जाऊन मला वाकून नमस्कार केला. मी चहाच्या किटलीपाशी होतो. तिथून हलू नये असं सर्वानुमते ठरलंय.

बाकी कुशल. प्रकृतीला जप, आणि टॅक्सीचं काय ते खरं कळव.

तुझा धाकटा भाऊ,
टॉर्कील

ता. क. करडा स्वेटर परत पाठव. तो त्या करड्या मेंढीच्या लोकरीचा आहे, म्हणजे न्यायानं ईवरचा. ईवर म्हणतो, लोकर त्याची पण विणकाम किर्स्टीचं, तेव्हा बाह्यांवर तो हक्क सांगत नाही. मी म्हटलं, बाह्यांशिवाय पाठवायला सांगतो. तू आख्खाच पाठव. तुला पाठवलेल्या पुस्तकासाठी चिठ्ठी सोबत आहे, ती चिकटवण्याआधी शेवटचं प्रकरण कुणाला दाखवू नकोस. दाखवलं असशील तर ते कोण, हेही कळव.

आणखी ता. क. खरं म्हणजे स्वेटर पोस्टानं पाठवू नकोस, घेऊनच ये. आणि येताना तुझ्या शेजारच्या प्रोफेसरांकडचं आवाज टिपायचं यंत्र मागून आण. बेसाग रोज दुपारी बोलायला तयार आहे, पण माझा हात तिच्या जिभेइतका जलद चालत नाही आणि दुपारी ती थकते. ती म्हणते, मार्साली आली तर अजून पुष्कळ आठवेल, तुम्ही दोघी एका उन्हाळ्यात एकाच गोधडीत झोपला होता म्हणे. उशीर करू नकोस. गुडघ्याचं काय ते इथे बघू, टॅक्सीचे पैसे मी देतो.

शेवटचा ता. क. काल, चर्चनंतर, बेसाग मला म्हणाली की तुझ्या पुस्तकात आणखी एक चूक आहे, प्रस्तावनेत. लेखकाला टोपणनाव आहे. गेली तीस वर्षं आहे. पेगीनं दिलं, शाळेत असताना, आणि बसवाल्यापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळे तेच म्हणतात. मला मागून 'कशावरून' म्हणतात, ताई. आपल्या घराला 'कशावरूनचं घर' म्हणतात आणि कॅपला 'कशावरूनचा कुत्रा'. ग्लासगोतसुद्धा आपल्याकडची माणसं तुला 'कशावरूनची बहीण' म्हणूनच ओळखतात, असं ती म्हणाली. हे तुला ठाऊक होतं का? आणि नव्हतं म्हणालीस, तर ते कशावरून?